फाटक कुणी लावलं

सकाळी नऊ ते दहा सॉरेलमध्ये कुणाचा फोन कुणाला लागत नसे, कारण अख्खा गाव एकच नंबर फिरवत बसलेला असायचा. कुणाला जुना ट्रॅक्टर काढायचा असे, कुणाला पाळणा हवा असे, कुणाची घोडी रात्रीतून पळालेली असे. टायरच्या दुकानामागच्या खोलीत, रेडिओच्या माइकसमोर आर्डिथ पॉलसन बसलेली असे आणि एकेकाला म्हणे, "बोला, काय देताय, काय घेताय?" कार्यक्रमाचं नावच मुळी 'देवाणघेवाण'. नियम तीन. आपलं नाव सांगायचं नाही, बंदूक विकायची नाही, आणि नवऱ्याला न विचारता त्याची वस्तू विकायची नाही. तिसरा नियम एका प्रकरणानंतर घालावा लागला होता, ते जाऊ दे.

नाव न सांगण्याचा नियम तसा नावापुरताच. नेवाडाच्या त्या कोपऱ्यात माणसं इतकी थोडी की नुसत्या खाकरण्यावरून आर्डिथ माणूस ओळखायची. "सर्दी बरी झालेली दिसत नाही," असं ती म्हणाली की पलीकडचा ओशाळून हसायचा.

पण लोक रेडिओ लावायचे ते पहिल्या दहा मिनिटांसाठी. त्या दहा मिनिटांत आर्डिथ वॉशिंग्टनची हजेरी घ्यायची. सदुसष्ट वर्षांची, काठीसारखी बारीक बाई. गळ्यात साखळीला चष्मा, आणि पर्समध्ये रबरबँड लावलेलं राज्यघटनेचं छोटं पुस्तक. जे अधिकार केंद्राला दिलेले नाहीत ते राज्यांचे आणि लोकांचे, हे कलम ती आठवड्यातून एकदा तरी वाचून दाखवायची. मग विचारायची, "ह्यातला कुठला शब्द अवघड आहे? आमच्या तिसरीतल्या पोरांना कळतो. राष्ट्राध्यक्षांना का कळू नये?" राष्ट्राध्यक्ष कुठल्याही पक्षाचा असो, तिच्या तावडीतून सुटायचा नाही. स्वतः ज्याला मत दिलं त्याला तर ती जास्तच झोडायची. एकदा तिच्या अकराव्या पत्राला उत्तर म्हणून राष्ट्राध्यक्षांचा छापील सहीचा फोटो आला. तिनं तो कोंबड्यांच्या खुराड्यात नेऊन टांगला आणि आठवड्यानं रेडिओवर जाहीर केलं की अंडी कमी झाली आहेत.

हसण्यावारी नेण्यासारखी ही बाई नव्हती. तिचा राग पोटातून आलेला होता. नेवाडात शंभरातली ऐंशीहून जास्त एकर जमीन केंद्र सरकारची. आमची गुरं त्याच जमिनीवर चरतात, परवान्यावर. परवाना देणारं ते कुरणखातं. आर्डिथ आणि तिचा नवरा एल्डन, दोघांनी चाळीस वर्षं वरच्या कुरणावर तीनशे गुरं राखली. मग एक पत्र आलं आणि तीनशेची एकशेऐंशी झाली. दुसरं पत्र आलं आणि नव्वद उरली. कारण काय, तर कुरणाला विश्रांती हवी. हे ठरवणाऱ्यांनी ते कुरण डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. "पत्रं येतात, माणूस येत नाही," हे आर्डिथचं नेहमीचं वाक्य होतं, आणि ते खोटं आहे असं मला कधीच वाटलं नाही. नव्वद गुरांत घर चालत नाही. शेवटी सहा वर्षांपूर्वी वरचं कुरण, टाकी, कुंपण, सगळं त्यांनी रेमन इचार्टला विकून टाकलं.

रेमन बास्क. त्याचा बाप बतिस्ता स्पेनच्या डोंगरातून मेंढपाळ म्हणून आला होता आणि एल्डनशी आधी भांडून मग जन्मभराची दोस्ती करून मेला. रेमन पन्नाशीचा, कमी बोलणारा. आर्डिथची दहा मिनिटं त्यानं कधी चुकवली नाहीत. ट्रकमध्ये असला तर गाडी थांबवून ऐकायचा.

पंच्याण्णव साली ओक्लाहोमा सिटीत बॉम्बनं सरकारी इमारत उडवली गेली, माणसं मेली. त्या दिवशी आर्डिथ रेडिओवर रडली होती. नंतर वर्तमानपत्रांतून कुणीकुणी लिहिलं की रेडिओवरच्या असल्या बोलण्यानंच माथी भडकतात. तेव्हा मात्र ती खवळली. "मी सरकारला नावं ठेवते. माणूस मारा असं मी कधी म्हटलंय?" ते खरं होतं. तसं ती कधीच म्हणाली नव्हती.

ही झाली गावाला माहीत असलेली आर्डिथ. घरची आर्डिथ दोन वर्षांपासून भीतीत जगत होती, आणि ते कुणाला ठाऊक नव्हतं.

एल्डनचं डोकं जायला लागलं होतं. आधी नावं गेली, मग वार. मग एके दिवशी तो कॉफीच्या भांड्यात घोड्याचा खुराक भरून चुलीवर ठेवून बसला. आर्डिथनं डॉक्टरला सांगितलं नाही, चर्चमध्ये सांगितलं नाही, रीनोतल्या लेकीलाही सांगितलं नाही. ट्रकची किल्ली ती पिठाच्या डब्यात लपवायची. सकाळी रेडिओवर जाताना त्याला पडवीतल्या खुर्चीत बसवायची, शेजारी रेडिओ लावून द्यायची आणि म्हणायची, "मी बोलतेय तोवर उठायचं नाही." आणि तो खरंच उठायचा नाही. बायकोचा आवाज चालू आहे म्हणजे बायको घरात आहे, अशी त्याची समजूत होती.

शहाण्णवच्या ऑगस्टातल्या एका शुक्रवारी ती किल्ली लपवायला विसरली.

घरी आली तेव्हा खुर्ची रिकामी आणि ट्रक गायब. ती तीन तास रस्त्याकडे डोळे लावून उभी राहिली. शेरीफला फोन करावा तर सगळं बाहेर पडणार, न करावा तर हा कुठल्या खड्ड्यात पडला असेल कुणास ठाऊक. तेवढ्यात तो आला. बूट धुळीनं पांढरे, चेहरा खुशीत. म्हणाला, "जरा फिरून आलो गं. कामं पडली होती." कुठली कामं, ते तिनं विचारलं नाही. जिवंत आला ह्यातच तिचं भरून पावलं होतं.

मंगळवारी रेमन वरच्या कुरणात गेला आणि त्याला कुंपणाशी चौदा गाई मेलेल्या सापडल्या.

आमच्याकडे एक रीत आहे, ती कायद्याहून मोठी आहे. फाटक जसं सापडेल तसं ठेवून पुढं जायचं. उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. शहाणपणा करायचा नाही, कारण ते तसं का ठेवलंय हे ठेवणाऱ्यालाच ठाऊक असतं. रेमननं वरचं फाटक मुद्दाम उघडं ठेवलं होतं, गुरांना पलीकडच्या टाकीवर पाण्याला जाता यावं म्हणून. कुणीतरी ते लावलं होतं. चार दिवस, ऑगस्टचं ऊन. पाण्याचा वास नाकात आणि मध्ये काटेरी तारा. गाईंनी कुंपणाशी जमीन खुरांनी खणून काढली होती.

शुक्रवारी त्या रस्त्यावर कुरणखात्याची पांढरी गाडी दिसली होती. गाडीत असणार नवा अधिकारी, पॉल डिनार्डो. न्यू जर्सीचा, तिशीचा, नाकावर पांढरं मलम लावून हिंडणारा. दुसरं कोण फाटक लावणार?

बुधवारी आर्डिथनं दहाची पंचवीस मिनिटं केली. इतकी चांगली ती कधीच बोलली नव्हती, असं नंतर लोक म्हणाले. चौदा गाईंचा तो कुंपणाशी मेलेला कळप तिनं असा डोळ्यांपुढं उभा केला की टायरच्या दुकानातले गडी हातातलं काम टाकून दाराशी आले. "वॉशिंग्टनच्या माणसाला आपल्या फाटकाचं काय कळणार?" ती म्हणाली. "त्याला वाटलं असेल, लावावं, नीट दिसतं! आणि हा गृहस्थ उद्या सकाळी पुन्हा त्याच टाकीवर येणार आहे, गवत मोजायला. पोस्टात नोटीस लावलीय त्यांनी. मी म्हणते, जा. भेटा त्याला. त्याच्या तोंडावर विचारा."

विचारा, एवढंच ती म्हणाली होती.

दुपारी पोस्टाच्या दाराशी डिनार्डो तिला आडवा आला. टोपी हातात घेऊन उभा.

"मॅडम, मी लावलं नाही ते फाटक."

"हो, आपोआपच लागलं असेल. वारा होता ना शुक्रवारी."

"मला लावताच येत नाही हो." त्यानं गालावरचा ओरखडा दाखवला. "पहिल्या आठवड्यात एकदा ओढायला गेलो, तार सुटून हे झालं. तेव्हापासून बंद फाटक दिसलं की मी गाडी ठेवून कुंपणाखालून सरपटत जातो. आमच्या ऑफिसात हसतात मला."

आर्डिथला हसू येत होतं, तिनं ते आवरलं. आमच्याकडचं फाटक म्हणजे चार काटेरी तारा आणि काठ्या. शेवटची काठी खांद्यानं रेटून तारेच्या फासात अडकवावी लागते. येरागबाळ्याचं काम नव्हे.

"मग सांगा तसं लोकांना," ती म्हणाली.

"मी सांगितलेलं कोण ऐकणार इथं? तुम्ही सांगितलेलं ऐकतात. मीसुद्धा रोज ऐकतो तुम्हाला, दुसरं स्टेशनच लागत नाही." मग त्यानं खिशातून काहीतरी काढून तिच्यापुढं धरलं. रायफलीचं काडतूस होतं, न उडवलेलं. "आज दुपारी हे गाडीच्या काचेपुढं, बॉनेटवर ठेवलं होतं कुणीतरी. उभं करून."

आर्डिथनं ते घेऊन पाहिलं, झटकन त्याच्या हातात परत दिलं. तरी तोंडानं म्हणाली, "पोरांचा चावटपणा असेल."

"असेल," तो म्हणाला. "पण उद्या मला जायचंच आहे, मॅडम. नाही गेलो तर घाबरलो असं होईल."

ती घरी आली, एल्डनला बीन्स वाढले, स्वतः जेवली नाही. ते उभं केलेलं काडतूस तिच्या डोळ्यांपुढून हलेना. तिनं मनाशी ठरवलं, उद्या जरा सबुरीनं बोलू.

गुरुवारी नऊ वाजून सहा मिनिटं झाली होती. आर्डिथ हवामान वाचून गाणं लावून बसली होती, तेवढ्यात फोन खणाणला. मायतेचा आवाज होता, रेमनच्या बायकोचा.

"आर्डिथ, ऑन एअर घेऊ नको मला. रेमन उजाडायच्या आत निघून गेलाय. रायफल नेलीय."

"कुठं?"

"कुठं म्हणजे? तूच नाही का सांगितलंस कुठं ते!"

"शेरीफला फोन केलास?"

"केला. तो जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. दोन तास लागतील म्हणतो. मी काय करू गं? रात्रभर झोपला नाही तो. ती दोरी हातात घेऊन बसला होता नुसता."

"कसली दोरी?"

"त्या फाटकावरची. तारेचा फास होताच, वर आणखी गवताच्या गठ्ठ्याची केशरी दोरी बांधली होती, पक्की. सुटेचना, शेवटी कापून आणली. म्हणत होता, मुद्दाम बांधलीय, गाई मराव्यात म्हणून. गाठ तरी कसली विचित्र! उलटी. डावऱ्यानं मारल्यासारखी."

गाणं अजून चालू होतं. आर्डिथला ते ऐकू येत नव्हतं.

एल्डनच्या उजव्या हाताला अंगठा नव्हता. तरुणपणी बैलाला फास टाकताना दोर खोगिराच्या खुंटीभोवती गुंडाळायला गेला आणि अंगठा मध्ये सापडून तुटला. तेव्हापासून तो डाव्या हातानं गाठी मारायचा. त्या जिल्ह्यात तशी गाठ मारणारा दुसरा माणूस नव्हता. शुक्रवारी तो वर गेला होता. आपल्या कुरणात, आपल्या फाटकापाशी. चाळीस वर्षं ते फाटक बंद ठेवायचा नेम होता, बतिस्ताची मेंढरं अलीकडे येऊ नयेत म्हणून. कुरण विकून सहा वर्षं झाली हे त्याच्या डोक्यातून पुसलं गेलं होतं. फाटक उघडं दिसलं म्हणून त्यानं लावलं, आणि पक्कं राहावं म्हणून वरून गाठ मारली. कामं पडली होती म्हणाला, ती ही.

"आर्डिथ? ऐकतेयस ना?"

"त्याच्या ट्रकमधला रेडिओ चालू असेल?"

"तुझा कार्यक्रम तो चुकवतो कधी?"

आर्डिथनं फोन ठेवला. तिकडं टाकीवर ना फोन, ना माणूस. रेमनपर्यंत पोचणारी एकच गोष्ट होती, तिच्यासमोरचा हा माइक. आणि खरं बोललं तर काय होणार, तेही तिला लख्ख दिसत होतं. रेमनच्या हातात रायफल आहे, छातीत चौदा गाईंचा राग आहे. ती नाव घेईल एल्डनचं. आणि एल्डन पडवीत एकटा खुर्चीत बसलाय, मी बोलतेय तोवर उठायचं नाही म्हणून.

तिनं घरी फोन लावला. वाजत राहिला. एल्डनला हल्ली फोन म्हणजे काय ते कळत नसे.

गाणं संपत आलं. खोटं बोलता येईल का, हाही विचार तिच्या मनात येऊन गेला. कुणी अनोळखी शिकारी आला होता म्हणावं. पण रेमन त्या दोरीकडे रात्रभर बघत बसला होता. असल्या माणसाला थाप पटत नसते, आणि पटली नाही तर पुन्हा सांगायला वेळ मिळणार नव्हता. तिनं माइकचं बटण दाबलं.

"रेमन इचार्ट," ती म्हणाली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्या कार्यक्रमात नाव घेतलं गेलं. "रेमन, जिथं असशील तिथं थांब. मी आर्डिथ. ते फाटक त्या पोरानं लावलेलं नाही. ते माझ्या नवऱ्यानं लावलं. एल्डननं. ती गाठ त्याची आहे. तुला ती ओळखता आली नाही. आठव, तुझ्या बापाच्या खोगिराला तशीच गाठ होती, एल्डननंच मारलेली."

टायरच्या दुकानातली हवेची मशीन कुणीतरी बंद केली.

"एल्डनचं डोकं ठिकाणावर नाही, रेमन. दोन वर्षं झाली. मी लपवलं. त्याला वाटतं ते कुरण अजून आपलं आहे. शुक्रवारी मी किल्ली उघड्यावर ठेवली. तेव्हा तो दोष माझा. आणि काल मी त्या डिनार्डोवर आळ घेतला, काही माहीत नसताना घेतला, तोही माझाच. कुरणखात्याबद्दल मी जे बोलत आलेय ते मी मागं घेत नाही. पण काल बोलले ते खोटं होतं. रायफल खाली ठेव. मी हात जोडते."

तिकडून काही उत्तर येण्यासारखं नव्हतं. ही रेडिओची तऱ्हाच वाईट, बोलणाऱ्याला काही कळत नाही. ऐकतोय, की केव्हाच बंद करून बसलाय? की घडायचं ते घडून गेलंय? तिनं तेच पुन्हा सांगितलं. मग तिसऱ्यांदा. फोनचा एकही दिवा लागला नाही. ट्रॅक्टर विकणारे, पाळणे मागणारे, सगळे गप्प बसून ऐकत होते. ती थांबायला घाबरत होती. रेमनला ऐकवायचं होतं म्हणून, आणि आवाज थांबला की एल्डन खुर्चीतून उठेल म्हणूनही. साडेनऊला तिचा घसा बसला. तेव्हा स्टेशनचा मालक आत आला, त्यानं तिच्या हातातून हळूच माइक घेतला आणि म्हणाला, "तू घरी जा. मी हेच सांगत राहतो, दहापर्यंत."

सहा मैलांचा रस्ता तिनं कसा काढला हे तिला नंतर आठवलं नाही. एल्डन पडवीतच होता. रेडिओवर पुरुषाचा आवाज लागल्यामुळं जरा नाराज दिसत होता.

"चल, एल्डन. गाडीत बस. रीनोला जाऊ, लेकीकडे."

"आता? ऊन काय आहे! संध्याकाळी बघू."

तिनं त्याचा दंड धरून ओढलं. तो हलला नाही. डोकं गेलं तरी अंगात बैलाचं बळ होतं. आणि तेवढ्यात तिला उत्तरेला धूळ दिसली.

आमच्या माळावर धूळ वीस मिनिटं आधी दिसते. एकच गाडी, वरच्या रस्त्यानं, थेट इकडं. आर्डिथ आत गेली. कपाटात एल्डनची रायफल होती. तिनं कपाट उघडलं, तिच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा लावून टाकलं. काय करणार होती ती? बतिस्ताच्या पोरावर रोखणार होती? लहानपणी ह्याच स्वयंपाकघरात त्याला तिनं पाव-लोणी खाऊ घातलं होतं. ती बाहेर येऊन एल्डनच्या खुर्चीपुढं उभी राहिली. पाठीमागून तो म्हणत होता, "बाजूला हो ना, काही दिसत नाही मला. कोण येतंय? पाहुणा असेल तर कॉफी ठेव."

धुळीतून ट्रक निघाला. अंगणात थांबला. रेमन उतरला, हात रिकामे. पण रिकाम्या हातांनी काही कळत नव्हतं. तो त्या टाकीवर काय करून आलाय, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं नव्हतं. आर्डिथला ते विचारायचं होतं.

रेमन तिला वळसा घालून एल्डनसमोर गेला आणि उभा राहिला. एल्डननं डोळ्यांवर हात धरून निरखलं. मग त्याचा चेहरा उजळला.

"अरे बतिस्ता! ये, बस. किती दिवसांनी!"

रेमननं टोपी काढली.

"वरचं फाटक लावून आलोय मी," एल्डन म्हणाला. "उघडं टाकलं होतं कुण्या गाढवानं. पक्की गाठ मारलीय, आता उघडायची नाही. तुझी मेंढरं तुझ्याकडं, माझ्या गाई माझ्याकडं. उगाच भांडण नको."

आर्डिथनं डोळे मिटले. मग खुर्ची सरकवल्याचं ऐकू आलं. रेमन एल्डनच्या शेजारी बसला होता, टोपी गुडघ्यावर ठेवून.

"बरं केलंस, एल्डन," तो म्हणाला.

कॉफी झाली. एल्डन गाईंविषयी बोलत राहिला, रेमन हूं हूं करत राहिला. निघताना आर्डिथ त्याच्या मागोमाग ट्रकपर्यंत गेली. रायफल सीटवर आडवी पडली होती. शेजारी तिच्यातून काढलेली काडतुसं होती.

"रेमन, तो पोरगा?"

"आहे. त्याला कळलंही नाही. टाकीपाशी टोपी काढली, डोकं ओलं केलं, वहीत काहीतरी लिहिलं. मला रायफलीच्या दुर्बिणीतून त्याचा कान दिसत होता गं. इतका जवळ." त्यानं तळहातानं तोंड पुसलं. "मी रेडिओ बंद करणार होतो. इंजिन बंद होतं ना, बॅटरी उतरते. हात बटणावर होता माझा, तेव्हा तू माझं नाव घेतलंस."

बॅटरी! एवढ्याशा कारणावर सगळं टांगलेलं होतं.

"गाईंची भरपाई मी..."

"गाईंचं राहू दे." त्यानं गाडी चालू केली. "उद्या बोलणार आहेस ना नऊला?"

"काय तोंडानं बोलू आता?"

"बोल. परवाना कापलाय माझा, पत्र आलंय सोमवारी. ते तू नाही बोललीस तर कोण बोलणार? आमच्या बाजूनं दुसरं आहे कोण?" तो जरा थांबला. दहा कधीच वाजून गेले होते, तरी ट्रकच्या रेडिओवर स्टेशनचा मालक अजून तेच सांगत होता. रेमननं हात पुढं करून तो बंद केला. "पण मी नाही ऐकणार, आर्डिथ. मायतेला सांगणार आहे, घरातलाही काढून टाक. तुझं सगळं पटतं मला, अक्षरन् अक्षर पटतं. म्हणूनच. तू बोलायला लागलीस की मला माझीच भीती वाटते."

तो गेला. आर्डिथ अंगणात उभी राहिली, धूळ रस्त्याच्या वळणापलीकडे जाईपर्यंत. मग ती तिथंच मातीत बसली. पडवीतून एल्डन हाका मारत होता; त्याच्या रेडिओवर तिचा आवाज नव्हता.